नवे मागतो, जुने नेतो : भीतीच्या खेळांचा बाजार

कापडाच्या दुकानात गादीवर बसणाऱ्या माणसाला एक वाक्य रोज ऐकावे लागते. "काही नवीन दाखवा." आम्ही फळीवरून नवा नमुना काढतो, तागा उलगडतो. गिऱ्हाईक बोटांनी पोत बघते, तोंडभर तारीफ करते आणि शेवटी गेल्या ईदेला नेले होते त्याच नक्षीचे कापड, फार तर वेगळ्या रंगात, फाडून घेऊन जाते. अशा गिऱ्हाइकाला आम्ही खोटे म्हणत नाही. त्याला नवे पाहायचे होते हेही खरे, आणि पैसे मोजताना जुन्यावर हात गेला हेही खरे.

हाच तमाशा आम्हाला अलीकडे अशा एका बाजारात दिसला, ज्याच्याशी आमचा कधी संबंध येईल असे वाटले नव्हते. घरात आमचा धाकटा मुलगा आणि पुतण्या यांची रोज हुज्जत चाले. विषय संगणकावर किंवा टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर खेळायच्या भीतीच्या खेळांचा, ज्यांना ही मुले हॉरर गेम म्हणतात. पुतण्याची तक्रार अशी की मोठ्या कंपन्या तेच ते विकतात : दुसरा भाग, सहावा भाग, जुन्याचा रीमेक. कुणी नवे काही काढतच नाही. मुलाचे म्हणणे असे की नव्यात पैसे बुडतात, नावाजलेल्या खेळात निदान काय मिळणार ते ठाऊक असते. आम्ही दुकानदाराचा प्रश्न विचारला : गेल्या वर्षात पैसे देऊन काय काय घेतले, ते सांगा. नव्याची वकिली करणाऱ्या पुतण्याच्या यादीत पहिलेच नाव निघाले २००१ सालच्या एका खेळाच्या रीमेकचे. आम्ही हसलो, तसा तो म्हणाला, "चाचा, तो जुना असला तरी नवा आहे."

त्या वेळी आम्ही थट्टेवर नेले. नंतर वाटले की या धंद्याची सारी गोम त्याच वाक्यात असावी. म्हणून या व्यापाराची जमेल तितकी माहिती घेतली. वाचकांपैकी कुणी हे खेळ खेळत नसतील, पण हातात कसब असणाऱ्या आणि दुकान चालवणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

या मालाचा स्वभाव

प्रथम हा माल काय आहे ते समजून घेऊ. जपानातील ओसाका शहरच्या कॅपकॉम या कंपनीने मार्च १९९६ मध्ये 'रेसिडेंट ईव्हिल' हा खेळ बाजारात आणला. तो घडवणारे शिंजी मिकामी. खेळणारा एका जुन्या हवेलीत अडकतो. आत चालती-फिरती प्रेते आहेत, हातात बंदूक आहे, पण गोळ्या मोजक्याच. खेळ कुठवर आला ते नोंदवून ठेवायचे तर टंकलेखन यंत्र शोधावे लागते, आणि त्याला लागणाऱ्या शाईच्या फितीही मोजून दिलेल्या. दार उघडताना पडद्यावर फक्त काळोख आणि हळूहळू सरकणारे दार. एका लांब व्हरांड्यातून जाताना खिडकीच्या काचा फोडून कुत्रे आत उडी घेतात, आणि खेळणाऱ्याच्या हातातले यंत्र खाली पडते.

आता धंद्याची अडचण पाहा. चांगले कापड धुतल्याने, वापरल्याने मऊ होते आणि अधिक आवडते. आवडती बिर्याणी शंभराव्यांदा खाल्ली तरी चव कमी होत नाही. भीतीचे तसे नाही. कुत्रे कुठल्या खिडकीतून येणार हे एकदा कळले की दुसऱ्यांदा दचकायला होत नाही. म्हणजे हा माल एकदा वापरला की निम्मा संपला. या खेळांचे गिऱ्हाईक नवे मागते ते शौक म्हणून नव्हे. ज्यासाठी ते पैसे देते ती चीज जुन्यात उरलेलीच नसते.

मग ते जुने का नेते? कारण तो पहिला अनुभव त्याला आयुष्यभर आठवतो आणि तोच परत हवा असतो. शिवाय दुसरे, साधे कारण किमतीचे. मोठ्या कंपनीचा नवा खेळ आता अमेरिकेत ७० डॉलरला आणि आपल्याकडे चार-पाच हजार रुपयांना पडतो. इतके पैसे देताना कुणीही ओळखीचे नावच शोधणार.

नाव मोठे झाले, भीती पातळ झाली

कॅपकॉमला ही अडचण लवकर कळली होती. दुसरा भाग जवळजवळ तयार होत आला असताना त्यांनी तो टाकून दिला आणि नव्याने सुरुवात केली. उशीर झाला, खर्च वाढला, पण १९९८ साली आलेला तो खेळ मालिकेतला मानाचा खेळ ठरला. विणून होत आलेला तागा मागावरून उतरवून पुन्हा ताणा बांधायला किती मोठी छाती लागते, हे विणकरालाच विचारावे.

पुढे २००२ मध्ये मिकामींनी पहिल्याच खेळाचा रीमेक केला, आणि त्यात एक गमतीची गोष्ट केली. कुत्र्यांचा तो व्हरांडा तसाच ठेवला. जुने खेळाडू श्वास रोखून चालू लागत, तर काचेला नुसता तडा जाई, कुत्रे येत नसत. ते नंतर कधीतरी, सावधपणा सुटल्यावर येत. ज्या प्रेतांना मारून टाकले ते जाळले नाही तर पुन्हा उठून पळत येत. म्हणजे गिऱ्हाइकाच्या जुन्या ओळखीलाच त्यांनी सापळा बनवले. कारागिरीची तारीफ झाली, पण विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. मिकामींनी पुढे सांगितले की त्याच अनुभवामुळे ते चौथ्या भागात मारधाडीकडे वळले.

चौथा भाग २००५ मध्ये आला. त्याआधी त्याचे अनेक खर्डे रद्द झाले होते. त्यातल्या एका खर्ड्यातून तर 'डेव्हिल मे क्राय' नावाचा वेगळाच खेळ २००१ मध्ये निघाला. चौथ्या भागात हवेली नव्हती, ती चालती प्रेतेही नव्हती. स्पेनमधील एक खेडे, कुऱ्हाडी घेऊन अंगावर येणारे गावकरी, आणि नायकाच्या खांद्यामागून दिसणारे दृश्य. नाव जुने, आतले सारे नवे. हा खेळ इतका गाजला की पुढे कित्येक कंपन्यांनी खांद्यामागचा तो कॅमेरा उचलला.

पण यश आले की हिशोबनीस धीट होतो. मारधाड खपते ना, मग ती वाढवा. २०१२ च्या सहाव्या भागात तर चार वेगवेगळ्या नायकांच्या चार कथा घातल्या. एकीत थोडी भीती, दुसरीत लढाई, तिसरीत पाठलाग, चौथीत हेरगिरी. चार गिऱ्हाइकांच्या चार आवडी एकाच ताग्यात विणण्याचा प्रकार. दुकानांत माल गेला तो विक्रमी, ४५ लाख प्रतींचा. कंपनीने वर्षाअखेर ७० लाखांचा अंदाज धरला होता. तो उतरवत ६० वर, मग ५० वर आणावा लागला. नंतर स्वस्त झाल्यावर तोही खेळ पुष्कळ खपला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण जुने चाहते म्हणू लागले की यात आता भीती कुठे आहे?

एक बेनामी व्हरांडा

नाव बाजूला ठेवले तर गिऱ्हाईक काय करते, याचा जणू प्रयोगच २०१४ च्या ऑगस्टमध्ये झाला. सोनीच्या प्लेस्टेशन ४ वर 'पी.टी.' या दोन अक्षरांचा एक छोटा खेळ फुकट देण्यात आला. तो बनवणारा म्हणून जे स्टुडिओचे नाव दिले होते ते अस्तित्वातच नव्हते. खेळात होते काय, तर एका घरातला काटकोनात वळणारा व्हरांडा. टोकाचे दार उघडले की पुन्हा तोच व्हरांडा. पण प्रत्येक फेरीला काहीतरी बदललेले : कधी दिवा, कधी आवाज, कधी मागे उभी असलेली बाई. बंदूक नाही, लढाई नाही. जगभर लोक तो खेळून घाबरले, आणि तेव्हा कुणालाही हा कुठल्या घराण्याचा माल आहे हे माहीत नव्हते.

शेवटचे कोडे सुटल्यावर पडद्यावर नावे आली : हिदेओ कोजिमा, चित्रपट दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो, आणि कोनामी कंपनीची जुनी मालिका 'सायलेंट हिल', जिचा पहिला खेळ १९९९ मध्ये आला होता. तेव्हा आनंद दुप्पट झाला. बिननावाचे नवेपण आवडले होते, आणि त्यावर जुन्या नावाचा शिक्का बसल्यावर तेच अधिक आवडले. आमच्या मते गिऱ्हाइकाच्या मनाचा याहून साफ आरसा मिळणार नाही.

दुर्दैव असे की एप्रिल २०१५ मध्ये कोनामीने तो पुढचा खेळ रद्द केला आणि पी.टी. दुकानातून काढून घेतला. ज्यांच्या यंत्रात तो उतरवलेला होता, ती जुनी यंत्रे लोक चढ्या भावाने विकायला काढू लागले. गिऱ्हाईक दारात रांग लावून उभे आणि मालकाने शटर ओढले.

कॅपकॉमने मात्र धीर केला. जानेवारी २०१७ मध्ये त्यांचा सातवा भाग आला. त्यात मालिकेचे नावाजलेले नायक मागे ठेवून एक साधा माणूस, अमेरिकेच्या लुइझियानातले एक कुजके घर आणि त्यातले एक वेडे कुटुंब घेतले. सारे काही खेळणाऱ्याच्या स्वतःच्या डोळ्यांतून दिसणारे. कित्येक जुने चाहते रागावले की हा आमचा खेळच नव्हे. सुरुवातीला २५ लाख प्रती गेल्या, सहाव्याच्या मानाने कितीतरी कमी. पण विक्री थांबली नाही. वर्षामागून वर्षे खपत तो १ कोटीच्या पुढे गेला. दोनच वर्षांनी, जानेवारी २०१९ मध्ये, त्याच कंपनीने दुसऱ्या भागाचा रीमेक काढला, तर पहिल्या काही दिवसांतच ३० लाख प्रती गेल्या. चौथ्याचा रीमेक मार्च २०२३ मध्ये आला, तो दोन दिवसांत ३० लाख. हिशोब स्पष्ट आहे : जुने लगेच उचलले जाते, नव्याला वेळ द्यावा लागतो. पण सातव्याने भीतीची साख परत मिळवली नसती तर दुसऱ्याच्या रीमेकवर लोकांनी इतका भरवसा टाकला असता का, हा प्रश्न वहीत दिसत नाही.

एकाच कारागिराचे दोन माल

आता अशी गोष्ट सांगतो जी वाचून आम्हाला वाईट वाटले. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने 'डेड स्पेस' हा अगदी नव्या नावाचा खेळ काढला. अंतराळातले बंद पडलेले जहाज, एक एकटा इंजिनियर, आणि असे राक्षस की ज्यांचे डोके नव्हे तर हातपाय तोडावे लागतात. तो घडवणाऱ्यांत प्रमुख होते ग्लेन स्कोफील्ड. खेळाचे नाव झाले. दुसरा भाग २०११ मध्ये आला. मग कंपनीच्या वरिष्ठांनी सांगितले की ही मालिका चालू ठेवायची तर साधारण ५० लाख गिऱ्हाईक हवे. म्हणून फेब्रुवारी २०१३ च्या तिसऱ्या भागात दोघांनी मिळून खेळायची सोय केली, सर्व बंदुकांना एकच गोळी केली, वर सामानासाठी खरे पैसे घेण्याचीही व्यवस्था ठेवली. भित्र्यालाही चालेल असा भीतीचा खेळ! मालिका तिथेच थांबली, आणि तो बनवणारा व्हिसरल हा स्टुडिओ २०१७ मध्ये बंद झाला.

स्कोफील्ड त्याआधीच बाहेर पडले होते. त्यांनी नवा स्टुडिओ उभारला आणि २ डिसेंबर २०२२ रोजी 'द कॅलिस्टो प्रोटोकॉल' आणला. नाव नवे, कथा नवी, गुरूच्या चंद्रावरचा तुरुंग. पण पाहणाऱ्याला वाटे की हा तर डेड स्पेसच. तिथे नायकाचा जीव किती उरला ते त्याच्या पाठीवरच्या पट्टीवर दिसे, इथे मानेवर. आणि नशीब कसे, आठच आठवड्यांनी, २७ जानेवारी २०२३ रोजी, जुन्या कंपनीने खुद्द डेड स्पेसचा रीमेक आणला, तोही दुसऱ्या कारागिरांकडून करवून. तारीफ त्याची झाली. 'कॅलिस्टो'ची विक्री कमी पडली, २०२३ मध्ये त्या स्टुडिओतून ३२ माणसांना कमी करण्यात आले, आणि त्याच वर्षी स्कोफील्डही तिथून निघाले.

येथे दोष कुणाला द्यायचा? नक्षी त्यांच्याच हातची, पण नक्षीचे नाव जुन्या मालकाकडे. नवे नाव घेऊन जुनी नक्षी विकायला गेले, तर नव्याची हौस असलेल्याला ती जुनी वाटली आणि जुन्यावर जीव असलेल्याला ती नक्कल वाटली. गिऱ्हाइकाचे दोन्ही हात रिकामे राहिले. आणि जिंकलेल्या बाजूचेही पाहा : रीमेकची वाहवा झाली, तरी कंपनीने तो स्टुडिओ पुढे दुसऱ्याच कामांना लावला.

थोड्या भांडवलाचे नवे

मग खरे नवे कोण काढते? बहुतेक वेळा ज्याच्याकडे गमावण्यासारखे फार नाही तो. स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्स या लहानशा मंडळीने २०१० मध्ये 'अम्नेशिया' काढला. त्यात हत्यारच नाही. पळायचे, लपायचे, आणि अंधारात फार वेळ राहिले तर नायकाचे भानच सुटते. किंमत २० डॉलर. अमेरिकेच्या स्कॉट कॉथॉन या एकट्या माणसाने ऑगस्ट २०१४ मध्ये 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' बनवला. रात्रपाळीचा पहारेकरी खुर्चीत बसून कॅमेऱ्यातून बाहुल्यांवर नजर ठेवतो, जागचा हलत नाही. किंमत ५ डॉलर. दोन्ही खेळ अफाट गाजले. ५ डॉलर देताना कुणी घराणे विचारत नाही. फसले तर एक चहा-नाश्ता गेला असे समजायचे.

पण गंमत पुढे आहे. कॉथॉननी तीन महिन्यांत दुसरा भाग काढला, आणि जुलै २०१५ येईतो चौथाही. म्हणजे वर्षाच्या आत नवे नाव स्वतःच जुने नाव झाले. नव्याची वाट धरणारा प्रत्येक जण चालता चालता त्याच बाजारपेठेत येऊन पोहोचतो.

आम्हाला यातून काय दिसले

पुतण्याने घेतलेला तो रीमेक म्हणजे ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला 'सायलेंट हिल २'. तो बनवला पोलंडच्या ब्लूबर टीम या मंडळीने. आधी चाहत्यांना त्यांच्यावर भरवसा नव्हता. आल्यावर थोड्याच दिवसांत १० लाख प्रती गेल्या. लगेच पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, कोनामीने त्याच नावाखाली 'सायलेंट हिल एफ' आणला, आणि त्यात ते ओळखीचे अमेरिकन गावच नाही. १९६० च्या दशकातले जपानी खेडे, एक शाळकरी मुलगी, फुलांनी आणि बुरशीने खाल्लेली माणसे. तोही १० लाखांच्या पुढे गेला. आधी जुन्या मालाने साख परत आणली, मग त्या साखेवर नवे विकले. मुलगा म्हणाला की यात माझे गाव कुठे आहे, पुतण्या म्हणाला की हेच तर हवे होते. हुज्जत पुन्हा सुरू झाली, पण या वेळी खेळ दोघांनी मिळून घेतला होता.

आमचा तजुर्बा सांगतो की गिऱ्हाइकाच्या दोन मागण्या एकमेकींच्या दुश्मन नाहीत. नाव, म्हणजे भरवसा, त्याला जुना हवा. घरी नेल्यावर मिळणारा आनंद त्याला ताजा हवा. जो मालक फक्त पहिली मागणी ऐकतो तो सहाव्या भागापर्यंत जातो. जो फक्त दुसरी ऐकतो तो मोठे भांडवल अनोळखी नावावर लावून बसतो. ज्याला नवेच काढायचे आहे त्याने डाव लहान ठेवावा, किंमत गिऱ्हाइकाला पेलेल इतकी ठेवावी. ज्याच्याकडे नाव आहे त्याने त्या नावाच्या पदराखाली नव्याला जागा द्यावी, आणि पहिल्या महिन्याच्या विक्रीवर त्याचा निकाल लावू नये.

हे लिहायला सोपे आहे. आम्ही स्वतः यात सुटलेलो नाही. काही वर्षांपूर्वी ठशांची छपाई करणारा एक कारागीर आमच्याकडे स्वतः कोरलेल्या नव्या ठशाचे तीन तागे घेऊन आला होता. काम देखणे होते, हे आम्ही त्याच्या तोंडावर कबूल केले. मग म्हणालो, "भाई, तुझी जुनी वेलबुट्टीच आण, तीच खपते." त्याने वेलबुट्टी आणली, आम्ही विकली. पुढच्या हंगामात गिऱ्हाईक म्हणू लागले की तुमच्याकडे तेच ते असते. तोवर तो छपाई सोडून दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर गेला होता. ते तीन तागे आम्ही तेव्हा ठेवून घेतले असते, तर फार तर एका कपाटाची फळी अडली असती.